जुन्या पाकपुस्तिका, शाळेचा डबा आणि स्मरणरंजन

माळ्यावरच्या ट्रंकेत किंवा रद्दीच्या दुकानात पाकक्रियांची एखादी जुनी पुस्तिका सापडते, तिच्या तेलकट पानांवरून मन थेट मधल्या सुट्टीतल्या डब्यापर्यंत जाते, आणि त्या प्रवासावर एक हळवा लेख सिद्ध होतो. ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसरात बालपण गेलेल्या मध्यमवर्गीय पिढीच्या आठवणींत हा प्रकार विशेष दृढ झालेला दिसतो. पुस्तिका हा जणू त्या डब्याचा पुरावाच, असे येथे गृहीत धरलेले असते. हे गृहीतक तपासून पाहिले पाहिजे. कारण पुस्तिका आणि डबा ही दोन निरनिराळ्या जातींची साधने असून त्यांची साक्ष अनेकदा परस्परांशी जुळत नाही.

मराठीतील पाकशास्त्रीय ग्रंथरचनेची परंपरा अल्प नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' 1875 मध्ये प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणी-मित्र' या ग्रंथाने विसाव्या शतकाच्या आरंभी हजार पाकक्रियांचा संग्रह वाचकांपुढे ठेवला. 1970 मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी आणि चमचा ही घरातलीच मापे प्रमाण मानली आणि पाककृती नवख्या गृहिणीच्या आवाक्यात आणली. या ग्रंथांच्या बरोबरीने एक दुय्यम वाङ्मयही वाढत होते. 1937 मध्ये बाजारात आलेल्या डालडा वनस्पतीच्या प्रचारासाठी पाककृतींची पुस्तके निघाली. 1959 मध्ये स्थापन झालेल्या हॉकिन्स कंपनीच्या कुकरबरोबर पुस्तिका घरात येऊ लागली. याच कंपनीचा एक कारखाना ठाण्याच्या वागळे औद्योगिक वसाहतीत उभा राहिला. स्मरणरंजनाचा विषय होते ती बहुधा ही दुसरी, फुकट मिळालेली पुस्तिका.

अशा पुस्तिकांवर प्रकाशनवर्ष क्वचितच असते, आणि आठवणीने दिलेला काळ विश्वसनीय मानता येत नाही. तथापि अंतर्गत पुरावा पुष्कळ असतो. किंमत आण्यांत असेल, तर पुस्तिका सामान्यतः 1 एप्रिल 1957 पूर्वीची. 'नवे पैसे' असा उल्लेख असेल, तर 1957 ते 1964 या काळातील. शेर, छटाक व तोळे यांच्या जागी ग्रॅम व किलो आले असतील, तर 1958 पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या दशमान मापांनंतरची. पत्त्यात ठाण्याचा 400601 किंवा डोंबिवलीचा 421201 हा पिनकोड असेल, तर ती 15 ऑगस्ट 1972 नंतरची, हे निश्चित. पुनर्मुद्रणात जुनी मापे तशीच राहतात, हे लक्षात ठेवून ही कसोटी वापरल्यास 'आईच्या लग्नातली' म्हणून जपलेली पुस्तिका कित्येकदा मुलांच्या शाळेच्या काळातली ठरेल.

कालनिर्णयापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न आशयाचा आहे. वस्तूच्या प्रचारासाठी निघालेली पुस्तिका ती वस्तू जेथे अधिक खपेल असेच पदार्थ सांगणार. वनस्पती तुपाच्या पुस्तिकेत तळणीचे आणि मिष्टान्नाचे पदार्थ येणार. कुकरच्या पुस्तिकेत कोणती डाळ किती मिनिटांत शिजते, हे येणार. पाहुण्यांचे ताट आणि इंधनाची बचत ही तिची क्षितिजे. डब्याची अडचण निराळीच होती. सकाळी सहाच्या सुमारास केलेले अन्न सात-आठ तासांनी, थंड अवस्थेत, गोडीने खाल्ले गेले पाहिजे. भाजीचा रस वह्यांवर सांडता कामा नये. पोळी मऊ राहिली पाहिजे. आणि आदल्या रात्रीचे उरलेले वाया जाता कामा नये. फोडणीची पोळी, परतलेली बटाट्याची भाजी, गूळ-तूप लावलेली पोळीची गुंडाळी, दाण्याची चटणी हे पदार्थ या अडचणीची उत्तरे आहेत. ताट वाढण्याचे शास्त्र लिहिले गेले. डबा भरण्याचे शास्त्र हातातच राहिले. म्हणून जुनी पुस्तिका उघडून बालपणीचा डबा शोधणाऱ्याला तो तेथे मिळत नाही. मिळतो तो घरातल्या आकांक्षेचा आलेख. तोही मोलाचा आहे, परंतु त्याला डबा म्हणू नये.

डोंबिवलीसारख्या गावी या अलिखित शास्त्रावर लोकलच्या वेळापत्रकाचा ताण होता. 1854 मध्ये कल्याणपर्यंत पोहोचलेल्या रेल्वेमार्गाने पुढे या गावांना मुंबईच्या नोकरदारांची वसतिस्थाने बनवले. घरातील स्त्रीही नोकरीला निघू लागली, तेव्हा तिचा, नवऱ्याचा आणि मुलांचा असे तीन-चार डबे एकाच पहाटे भरले जाऊ लागले. गल्लोगल्ली निघालेली पोळी-भाजी केंद्रे हा त्या ताणाचाच परिणाम होय. स्मरणरंजनात डब्याचा वास उरतो; पहाटेचा हा हिशेब मात्र गळतो. ज्या स्मृतीत केवळ खाणारा आहे आणि करणारी नाही, ती स्मृती अपुरी आहे. 'आईच्या हातची चव' या शब्दप्रयोगात हात आहे. त्या हाताची झोप नाही.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. या स्मरणलेखांतील डबा जवळजवळ नेहमी एकाच वर्गाचा असतो. ठाणे-कल्याण परिसरातील आगरी व कोळी घरांतील तांदळाची भाकरी आणि सुकट, 1949 मध्ये कल्याणच्या छावणीतून उल्हासनगर झालेल्या वसाहतीतील सिंधी निर्वासितांचा स्वयंपाक, कातकरी व वारली पाड्यांवरचे अन्न यांना त्यात जागा नाही. मधल्या सुट्टीत डबे वाटून खाल्ले जात, ही आठवण खरी असेल. परंतु ज्याच्या डब्याला मासळीचा वास येई, त्याने झाकण कितपत उघडले, हा प्रश्न तीत विचारलेला नसतो. या मौनाची दखल घेणारा ग्रंथ मराठीत आहे. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (2015) या पुस्तकाने मराठवाड्यातील महार व मांग समाजांचे अन्न पाककृतींसह नोंदवले. त्याच्या शीर्षकातच जेवणापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या श्लोकाला दिलेले उत्तर आहे. भूक, मिळेल ते साधन आणि अवहेलना यांसह पाककृती लिहिता येते, हे या ग्रंथाने सिद्ध केले. ठाणे जिल्ह्यापुरते असे काम झाल्यास डब्याच्या आठवणींचे चित्र पालटेल.

आणि ज्यांच्याजवळ डबाच नव्हता, त्यांचे काय? 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात वाटली गेलेली सुकडी एका पिढीच्या जिभेवर आहे. 15 ऑगस्ट 1995 रोजी राष्ट्रीय मध्यान्ह भोजन योजना सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशाने शाळेत शिजवलेले अन्न देणे राज्यांवर बंधनकारक झाले. महाराष्ट्रातील मुलांनी या भोजनाला 'खिचडी' हेच नाव दिले. या योजनेच्या निकषांत प्राथमिक शाळेतील मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम धान्य, 450 कॅलरी व 12 ग्रॅम प्रथिने असे प्रमाण आहे. शासनाचे हे निकषही एक प्रकारची पाकपुस्तिकाच होत. 'रुचिरा'तील वाटी घराच्या मापाने मोजते, निकषांतील ग्रॅम डोक्यामागे मोजतो. पहिल्या मापामागे गृहिणीची सोय आहे, तर दुसऱ्यामागे मुलाचा हक्क. जिल्हा परिषदेच्या शाळेत ही खिचडी खाऊन वाढलेली मुले आज तिशीत आली आहेत. त्यांचे स्मरणरंजन लिहिले जाईल तेव्हा त्याला आधारभूत अशी रंगीत पुस्तिका सापडणार नाही. शिधासाठ्याची नोंदवही कदाचित सापडेल.

यावरून अभ्यासाची दिशा स्पष्ट होते. पुस्तिकेचे वाचन करताना छापील मजकुराइतकेच लक्ष समासातील पेन्सिलीच्या खुणांकडे द्यावयास हवे: कोणते प्रमाण अर्धे केले, कोणत्या पानावर हळदीचा डाग आहे आणि कोणते पान कधी उघडलेच नाही. छापील पाककृती घरात शिरल्यावर तिचे काय झाले, हे याच खुणा सांगतात. डब्यासाठी मात्र साक्षीदारच शोधावे लागतील, आणि ते आज वयोवृद्ध आहेत. साठ-सत्तरच्या दशकांत ठाण्या-डोंबिवलीत पहाटे डबे भरणाऱ्या स्त्रियांना त्यांच्या मुलांनी चवीविषयी पुष्कळ विचारले. किती वाजता उठत होता, काय पुरत नव्हते आणि डब्यात काय देण्याची लाज वाटे, हे विचारणे अद्याप बाकी आहे. स्मरणरंजन त्याज्य नाही. साधनांच्या शोधाला तेच पुष्कळदा प्रवृत्त करते. परंतु त्याने दिलेली साक्ष उलटतपासणीशिवाय स्वीकारली, तर एका वर्गाच्या चवीलाच संपूर्ण प्रदेशाचा इतिहास मानण्याची चूक कायम होईल.