बुजरा घोडा आणि दोन ग्रंथ

शिकंदर आणि त्याचा ब्युसेफॅलस यांची गोष्ट बहुतेक वाचकांनी लहानपणी वाचलेली असेल. कुणालाच पाठीवर बसू न देणारा तो घोडा. तो स्वतःच्या सावलीला बुजतो आहे हे ताडणारा चाणाक्ष राजपुत्र. घोड्याचे तोंड सूर्याकडे वळवून एकदम मारलेली झेप! गोष्ट मोठी फक्कड आहे. पण प्लुटार्कच्या वृत्तान्तातील एक बारकावा सांगणाराच्या तोंडून बहुधा गळतो. झेप घेण्यापूर्वी शिकंदर त्या घोड्याला थोपटीत काही अंतर त्याच्या बरोबरीने चालत गेला होता. झेप सर्वांच्या ध्यानात राहिली. थोपटणे मात्र विसरले गेले.

या थोपटण्याचे शास्त्र सांगणारा एक ग्रंथ शिकंदर घोड्यावर बसण्याच्या वयाचा होण्यापूर्वीच ग्रीक भाषेत लिहिला गेला होता. त्याचा कर्ता झेनोफन. हा सॉक्रेटिसाचा शिष्य खरा, पण वृत्तीने शिपाईगडी. इ. स. पूर्व 401 मध्ये तो धाकट्या सायरसच्या फौजेबरोबर आशियात गेला आणि सेनानायक मारले गेल्यावर हजारो ग्रीकांना स्वदेशाच्या वाटेला लावणाऱ्यांत पुढारी ठरला. असा माणूस घोड्याविषयी लिहू लागला तर पानोपानी चाबूक कडाडेल, असे वाटणे साहजिक आहे. ‘अश्वारोहणाविषयी’ या त्याच्या बारा प्रकरणांच्या छोटेखानी ग्रंथात प्रत्यक्षात आढळते ते निराळेच.

झेनोफन म्हणतो, शिंगरू शिकवायला देण्याआधीच माणसाळलेले असावे. भूक, तहान आणि गोमाशांचा जाच यांची सांगड त्याच्या मनात एकटेपणाशी बसावी. दाणा, पाणी आणि त्या जाचातून सुटका यांची माणसाशी. मोतद्दाराने त्याला गर्दीतून हिंडवावे, नाना तऱ्हेची दृश्ये दाखवावीत, आवाज ऐकवावेत. ते बिचकले तर न रागावता पटवून द्यावे की, यात भिण्याजोगे काही नाही. शिकलेला घोडा एखाद्या वस्तूला बुजला, तर माणसाने आधी स्वतः तिला हात लावावा आणि मग घोड्याला हलकेच तिच्याजवळ न्यावे. मारू मात्र नये. कारण फटका बसला की ही वेदना त्या वस्तूमुळेच झाली, अशी घोड्याची समजूत होते आणि भय दुणावते.

या शेवटच्या कारणातच ग्रंथाचे मोठेपण आहे, असे मला वाटते. घोडा नाठाळ आहे असे न म्हणता, घोड्याला काय वाटत असेल असा प्रश्न हा लेखक विचारतो. घोडा मूळचा शिकार होणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, म्हणून त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. पण अगदी कपाळासमोरचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. संशय येताच पळणे हे त्याचे उपजत शहाणपण आहे. शिवाय त्या काळच्या ग्रीक स्वारांना रिकिबी ठाऊक नव्हत्या. विश्वास ही तिथे नुसती दयाबुद्धीची बाब नव्हती. तिच्यावर स्वाराचा जीव अवलंबून होता.

तरीही ग्रंथ निर्दोष म्हणता येत नाही. हाच झेनोफन गुळगुळीत लगामाबरोबर काटेरी लगामही बाळगायला सांगतो. मुलाला उस्तादाच्या हाती सोपवावे तसे शिंगरू शिक्षकाला द्यावे आणि ते काय काय शिकून परत यावे याचा लेखी करार करावा, असाही त्याचा सल्ला आहे. सल्ला व्यवहारी आहे. पण धीर धरायचा मोतद्दाराने आणि डौल मिरवायचा धन्याने, अशी ही वाटणी होते. इतका धीर धरणाऱ्या त्या माणसाचे नावही आपल्याला कळत नाही.

ही उणीव पुढे भरून काढली ती एका इंग्रज बाईने. अ‍ॅना स्यूएल हिची ‘ब्लॅक ब्यूटी’ ही कादंबरी 1877 साली निघाली. तीत घोडा स्वतःच आपली कहाणी सांगतो. त्याचा पहिला धनी त्याला पंधरा दिवस रेल्वेच्या कडेच्या कुरणात ठेवतो. पहिली आगगाडी जाताच शिंगरू जीव घेऊन पळते; पण शेजारच्या गाई-मेंढ्या निवांत चरत असतात. काही दिवसांत तेही निर्धास्त होते. उलट जिंजर ही घोडी दांडगाईने वठणीवर आणलेली, म्हणून चावरी झालेली. लेखिकेचा उपदेश अधूनमधून अंगावर येतो, हे कबूल केले पाहिजे. पण इथे घोड्याला वाचा आहे आणि त्याची निगा राखणाऱ्या जॉन मॅन्ली या गाडीवानाला नावही आहे.

आपल्याकडे घोडा शिकवणाऱ्याला चाबुकस्वार म्हणत. गुरूच्या नावातच चाबूक! पण ‘चुचकारणे’ हा शब्दही मराठीचाच आहे. या दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने आजीच्या पदराआड दडणारे पोर घरोघर सापडेल. त्याला ‘भित्रा’ म्हणून हिणवण्यापूर्वी झेनोफनचे ऐकावे: फुलबाजी आधी आपण हातात धरावी, आणि मग त्याला जवळ बोलवावे.