‘मॅश’ मालिकेतील सातत्यदोष : कालभान आणि विस्मरण यांची चिकित्सा

बीजसंज्ञा : सातत्यदोष, कालविपर्यास, युद्धविषयक विनोद, पाठचिकित्सा, दूरचित्रवाणी मालिका

प्रस्तावना

दूरचित्रवाणी मालिका ही साहित्यसमीक्षेच्या कक्षेत उशिरा आलेली कलाकृती होय. कादंबरी वा नाटक यांच्या संहितेला जी चिकित्सा लावली जाते, ती मालिकेला लावण्यास अभ्यासक बरेच दिवस कचरत होते. मालिका अनेक हातांनी लिहिली जाते, अनेक वर्षे चालते आणि मध्येच पात्रे व लेखक बदलतात. अशा रचनेत विसंगती राहणे स्वाभाविक असते. पहिल्या वर्षी हयात असलेली आई दहाव्या वर्षी बालपणीच वारलेली ठरते. सप्टेंबरात रुजू झालेला अधिकारी त्याच्या आदल्या वर्षीच्या प्रसंगात वावरताना दिसतो. चित्रपट व्यवसायात ज्याला ‘कंटिन्युइटी’ चुकणे म्हणतात, त्याच्यासाठी प्रस्तुत लेखात ‘सातत्यदोष’ ही संज्ञा योजली आहे.

अशा चुका हेरणे हा जगभरच्या प्रेक्षकांचा आवडता छंद आहे. तथापि चुकांची यादी म्हणजे समीक्षा नव्हे. चूक कोठे होते, कोणाच्या बाबतीत होते आणि कोणाच्या बाबतीत होत नाही, हे तपासले म्हणजे कलाकृतीला काय महत्त्वाचे वाटले आणि काय विसरण्याजोगे वाटले, याचा उलगडा होतो. या दृष्टीने अमेरिकेतील ‘मॅश’ या सैनिकी विनोदी मालिकेचा येथे विचार केला आहे.

मालिकेची पार्श्वभूमी

रिचर्ड हूकर या नावाने लिहिणाऱ्या एका शल्यचिकित्सकाची ‘मॅश’ ही कादंबरी 1968 मध्ये प्रसिद्ध झाली. रॉबर्ट ऑल्टमन यांनी 1970 मध्ये तिच्यावर चित्रपट काढला. पुढे सीबीएस वाहिनीवर 17 सप्टेंबर 1972 पासून 28 फेब्रुवारी 1983 पर्यंत अकरा पर्वांची मालिका झाली. कोरियातील युद्धआघाडीजवळच्या एका फिरत्या लष्करी शस्त्रक्रिया रुग्णालयात ती घडते. विनोद हा तिचा स्थायीभाव असला, तरी शस्त्रक्रियागृहातील प्रसंगांना ध्वनिमुद्रित हशा जोडू नये, असा निर्मात्यांचा आग्रह होता. जखमी माणूस मेजावर असताना हसायचे नाही, ही मर्यादा मालिकेने बव्हंशी पाळली.

मराठी वाचकाला हे युद्ध वाटते तितके परके नाही. भारताने या युद्धात लढाऊ सैन्य पाठविले नाही. परंतु लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखालील 60 पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक नोव्हेंबर 1950 मध्ये कोरियात पोचले. युद्धविरामानंतर युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय दलाचे नेतृत्व मेजर जनरल एस. पी. पी. थोरात या मराठी सेनाधिकाऱ्याकडे होते. मालिकेने ज्या काळाशी खेळ केला, त्या काळाच्या वास्तवात आपल्याही माणसांची पावले उमटलेली आहेत.

दोषांचे वर्गीकरण

‘मॅश’मधील सातत्यदोषांचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात : वस्तुगत, चरित्रगत, कालगत आणि पात्रलोप.

वस्तुगत दोष सर्वांत सहज दिसतात आणि सर्वांत कमी बोलतात. कोरियाच्या जागी कॅलिफोर्नियातील मालिबू परिसरातील टेकड्या दिसतात. 1950 च्या सैनिकांची केशरचना 1970 च्या दशकातील असते. हे दोष नेपथ्याच्या मर्यादेतून आलेले आहेत. रंगमंचावरचा पडदा हा पडदाच आहे हे ठाऊक असूनही प्रेक्षक त्यावरचा राजवाडा मान्य करतो, त्यातलाच हा प्रकार. एके ठिकाणी तर वास्तवाने कथेलाच वळण दिले. ऑक्टोबर 1982 मध्ये चित्रीकरणस्थळाला आग लागून छावणीचा देखावा जळाला, तेव्हा ती आग अखेरच्या भागाच्या कथेतच सामावून घेण्यात आली. सातत्य तुटण्याची वेळ आली असता तुटलेपणालाच कथा बनविता येते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

चरित्रगत दोष : पात्राचा पुनर्जन्म

नायक हॉकआय पिअर्स याच्या पहिल्या पर्वातील पत्रांत आई आणि बहीण हयात असल्याचे उल्लेख येतात. घर व्हर्मांट राज्यात असल्याचेही सूचित होते. पुढे हे घर कादंबरीप्रमाणे मेन राज्यातील क्रॅबॲपल कोव्ह येथे स्थिरावते, बहीण नाहीशी होते आणि आई त्याच्या बालपणीच वारल्याचे सांगितले जाते. दहाव्या पर्वात वडिलांवरील शस्त्रक्रियेची बातमी येते, तेव्हा आईच्या आजारपणात वडिलांनी आपल्यापासून सत्य लपविले, ही हॉकआयची जुनी जखम उघडी पडते.

येथे दोष निर्विवाद आहे. पण त्याचे फळही निर्विवाद आहे. पहिल्या पर्वातील हॉकआय हा खोडकर सर्जन आहे. त्याच्या थट्टेला भूतकाळाची गरज नाही. पुढे पर्वापर्वाने त्याच्या थट्टेमागील भय दाखवावयाचे ठरले, तेव्हा लेखकांना एका एकाकी मुलाची आवश्यकता भासली. आई आणि बहीण या गरजेच्या आड येत होत्या. रेडार ओ’रायलीचेही तसेच. सुरुवातीला तो साहेबाचे सिगार ओढणारा, त्याची दारू चोरून पिणारा बेरकी कारकून आहे. पुढे तो आयोवातील शेतावरून आलेला भाबडा पोर होतो. लॅरी गेलबार्ट चौथ्या पर्वानंतर व जीन रेनल्ड्स पाचव्या पर्वानंतर दूर झाले आणि मालिकेचा सूर अधिक गंभीर झाला, ही वस्तुस्थिती लक्षात घेता हे बदल हलगर्जीपणापेक्षा पुनर्लेखनाच्या जवळ जातात.

या संदर्भात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे स्मरण होते. वि. स. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हस्तलिखितांच्या साक्षीवर पाठ निश्चित केला. हस्तलिखितांचा आधार असलेली विसंगती केवळ गैरसोयीची म्हणून त्यांनी पुसली नाही. विसंगती हा तेथे ग्रंथाच्या वाढीचा पुरावा ठरतो. मालिकेकडे काही अंशी याच नजरेने पाहता येते. फरक एवढाच, की महाभारताचे थर शतकांत साचले आणि ‘मॅश’चे थर अकरा वर्षांत.

आणखी एक मुद्दा विसरता येत नाही. आठवड्यातून एकदा भाग पाहणाऱ्या आणि घरी ध्वनिचित्रफीत नसलेल्या प्रेक्षकाला मागच्या वर्षीची बहीण आठवण्याचे कारण नव्हते. रात्रभर गोंधळ ऐकणारा श्रोता मागील वर्षीच्या आख्यानाशी या वर्षीचे आख्यान ताडून पाहत बसत नाही. रोजच्या पुनःप्रक्षेपणाने आणि पुढे ध्वनिचित्रफितींनी प्रेक्षकाला वाचक बनविले आणि मगच या गोष्टी दोष म्हणून ठळक झाल्या.

कालगत दोष : एका वर्षाची उलथापालथ

कोरियन युद्ध 25 जून 1950 रोजी सुरू झाले आणि 27 जुलै 1953 रोजी युद्धविराम झाला. सदतीस महिन्यांचे युद्ध अकरा पर्वांत पसरविल्यावर कालगणना ताणली जाणार, हे उघड आहे. परंतु मालिकेने स्वतःच स्वतःला तारखेने बांधून घेतले. चौथ्या पर्वातील ‘चेंज ऑफ कमांड’ या भागात कर्नल पॉटर 19 सप्टेंबर 1952 रोजी छावणीची सूत्रे घेतात. यापुढे युद्धाला अवघे दहा महिने उरतात. त्यात नाताळ एकच बसतो. प्रत्यक्षात पॉटर यांच्या कारकिर्दीत 1978, 1980 आणि 1981 साली प्रक्षेपित झालेल्या भागांत तीन नाताळ साजरे होतात.

याहून मोठी गफलत ‘अ वॉर फॉर ऑल सीझन्स’ या 29 डिसेंबर 1980 रोजी प्रक्षेपित झालेल्या भागात आहे. हा भाग 1950 च्या अखेरच्या रात्री सुरू होतो आणि 1951 च्या अखेरच्या रात्री संपतो. त्यात पॉटर आहेत, बी. जे. हनिकट आहे, त्यांच्याही नंतर आलेला विंचेस्टर आहे. कारकुनाचे काम क्लिंगर करतो. वास्तविक 1952 च्या सप्टेंबरात ते काम रेडारकडे होते. 1951 च्या बेसबॉल स्पर्धेची शर्यत या भागात गुंफलेली असल्याने वर्षाबद्दल शंका घेण्यासही जागा उरत नाही. फादर मुल्काही वसंतात मका पेरतात आणि त्याच छावणीत त्याचे पीक काढतात. प्रत्यक्षात जानेवारी 1951 मध्ये सोल शहर पडले, मार्चमध्ये परत मिळाले आणि आघाडी सतत मागेपुढे होत राहिली. याच 23 मार्च 1951 रोजी रंगराज आणि त्यांचे काही सहकारी अमेरिकी छत्रीधारी सैनिकांसोबत मुन्सान-नी येथे विमानातून उतरले होते. कोरियाच्या त्या वसंतात आघाडीच्या रुग्णालयाला एका जागी मका पिकविण्याइतकी उसंत मिळणे अवघड होते.

असे असूनही हा भाग असत्य वाटत नाही. युद्धाचे वर्ष ऋतूंनी मोजले जाते, पीक येते आणि जखमी येतच राहतात, हा त्याचा आशय आहे. जुलै 1951 मध्ये वाटाघाटी सुरू झाल्यानंतर आघाडी जवळजवळ थिजली आणि माणसे मात्र मरत राहिली. त्या थिजलेल्या काळाची भावना मालिकेने संपूर्ण वर्षावर पसरविली. इतिहास चुकला, इतिहासाचा एक अनुभव मात्र पकडला गेला.

तथापि या चुकीची एक किंमत आहे. मालिकेच्याच हिशोबाने 1951 साली छावणीप्रमुख हेन्री ब्लेक असावयास हवेत. 18 मार्च 1975 रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘ॲबिसिनिया, हेन्री’ या भागाच्या शेवटी घरी परतणाऱ्या ब्लेक यांचे विमान पाडले गेल्याची बातमी शस्त्रक्रियागृहात येते. हा मृत्यू मालिकेने कधीही मागे घेतला नाही. आई, बहीण, गाव बदलणाऱ्या या रचनेत हीच एक गोष्ट अढळ राहिली. मात्र ‘अ वॉर फॉर ऑल सीझन्स’मध्ये त्यांचा मृत्यू न पुसता त्यांचे जगलेले वर्षच पुसले जाते.

विशेष म्हणजे दोनच आठवडे आधी, 15 डिसेंबर 1980 रोजी, ‘डेथ टेक्स अ हॉलिडे’ हा भाग प्रक्षेपित झाला होता. त्यात नाताळच्या दिवशी एक सैनिक मरणासन्न असतो. मुलांच्या मनात नाताळ म्हणजे वडिलांचा मृत्युदिन अशी गाठ बसू नये म्हणून डॉक्टर त्याला मध्यरात्रीपर्यंत जगविण्याची धडपड करतात. ती अपुरी पडते तेव्हा हॉकआय घड्याळाचा काटा पुढे सरकवितो. येथे तारीख जाणीवपूर्वक खोटी केली जाते आणि ती कोणासाठी खोटी केली, हे कथा सांगते. या दोन भागांतील अंतर हाच सातत्यदोषाचा खरा निकष होय. एका ठिकाणी कलाकृतीला आपण तारीख बदलल्याचे भान आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही.

पात्रलोप : न बोललेली अनुपस्थिती

चौथा वर्ग सर्वांत गंभीर आहे. पहिल्या पर्वात कॅप्टन जोन्स हा कृष्णवर्णीय शल्यचिकित्सक हॉकआयच्याच तंबूत राहतो. त्याचे टोपणनावच वंशद्वेषी आहे. काही भागांनंतर तो दिसेनासा होतो. त्याची बदली झाली, तो घरी गेला, असे एक वाक्यही कोणी उच्चारीत नाही. कोरियातील अशा रुग्णालयांत कृष्णवर्णीय सर्जन नव्हते, असे कारण पुढे दिले गेले आणि त्या कारणालाही आव्हान दिले गेले. हो-जॉन या कोरियन मुलाची गोष्ट याहून बोलकी आहे. पहिल्याच भागात त्याला अमेरिकेतील महाविद्यालयात पाठविण्यासाठी पैसे जमविले जातात. नंतरच्या भागांत तो पुन्हा छावणीतच काम करताना दिसतो आणि मग मुकाट्याने नाहीसा होतो.

याउलट ट्रॅपर जॉनची भूमिका करणारा नट मालिका सोडून गेला, तेव्हा निरोप घेता न आल्याची हॉकआयची तडफड हाच एका भागाचा विषय झाला. रेडारच्या निरोपाला दोन भाग मिळाले. कोणाचे जाणे कथेत नोंदले जाते आणि कोणाचे जात नाही, यात एक क्रम आहे, आणि तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. युद्धविरोधी, मानवतावादी म्हणून गौरविलेल्या मालिकेच्या स्मरणशक्तीला गोऱ्या अमेरिकी मित्रांची ओढ अधिक होती. ज्या देशात ही कथा घडते, त्या देशातील मुलाला ती विसरली, ही बाब मका पिकण्याच्या चुकीपेक्षा कितीतरी जड आहे.

निष्कर्ष

1. सातत्यदोष सर्व सारख्या मोलाचे नसतात. वस्तुगत दोष माध्यमाची मर्यादा दाखवितात, चरित्रगत दोष आशयाची वाढ दाखवितात.

2. कालगत दोषाचे मूल्यमापन इतिहासाशी ताडूनच थांबू नये. त्या चुकीने कोणता अनुभव मिळविला आणि कोणाचे आयुष्य झाकले, या दोन्ही बाजू पाहाव्या लागतात.

3. पात्रलोप हा केवळ तांत्रिक दोष नाही. कलाकृती ज्याच्या अनुपस्थितीविषयी बोलत नाही, त्याचे स्थान तिच्या लेखी काय होते, याचा तो कबुलीजबाब असतो.

4. सातत्यदोषाची चिकित्सा ही मालिकासमीक्षेची एक उपयुक्त पद्धती ठरू शकते. दीर्घकाळ चालणाऱ्या मराठी मालिकांनाही ती लावता येईल. तेथेही कोणती पात्रे न सांगता जातात, याचा शोध घेतला पाहिजे. घरकाम करणाऱ्या बाईपासून त्याची सुरुवात करता येईल.

‘मॅश’चा अखेरचा भाग दहा कोटींहून अधिक प्रेक्षकांनी पाहिला. त्या भागात अनेक निरोप आहेत. हो-जॉनचा त्यात नाही.