कार्ड मिळालं, आरोग्याचं काय?

सरकारी सेवा, खासगी सेवा आणि जनतेचं आरोग्य असा आजचा विषय आहे. तो मोठा आहे, म्हणून आम्ही एकाच वस्तूपासून सुरुवात करतो : आयुष्मान भारतचं कार्ड. 2018 साली ही योजना आली. पात्र कुटुंबाला रुग्णालयातल्या उपचारांसाठी वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण. महाराष्ट्रात त्याआधीपासून जीवनदायी योजना होतीच. तीच पुढे महात्मा फुलेंच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

आधी एक कबूल करू. घरातल्या माणसाला हार्ट अटॅक आला आणि जमीन न विकता त्याची अँजिओप्लास्टी झाली, तर त्या घरासमोर उभं राहून या योजनेला नावं ठेवायची आमची हिंमत नाही. ठेवूही नयेत. आमचा आक्षेप वेगळा आहे. विमा म्हणजेच आरोग्यसेवा, असं आपण समजू लागलो आहोत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बघा. 2015-16 मध्ये जेमतेम 29 टक्के कुटुंबांत कुणाचा तरी आरोग्य विमा होता. 2019-21 मध्ये हे प्रमाण 41 टक्के झालं. याच काळात 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमधला रक्तक्षय 53 वरून 57 टक्क्यांवर गेला. विम्यामुळे रक्तक्षय वाढला, असं आम्ही म्हणत नाही. पण कार्ड तो कमी करूच शकत नव्हतं. अंगात रक्त कमी आहे म्हणून बहुतेक बायका अ‍ॅडमिट होत नाहीत. त्यांना लागतात लोहाच्या गोळ्या, ताटात नीट अन्न आणि दारात येऊन चौकशी करणारी आशाताई.

बीपीचंही तसंच. रोजची गोळी स्वस्त असते, पण या योजना मुख्यतः भरती झालेल्या पेशंटचा खर्च देतात. गोळी बंद पडली, पुढे लकवा मारला, की मग कार्ड चालतं. म्हणजे आजार मोठा होईपर्यंत थांबायचं, आणि मग पैसे मोजायचे!

आता खासगीकडे वळू. त्याच पाहणीनुसार देशात खासगी दवाखान्यांतल्या 47 टक्के बाळंतपणांत सिझेरियन झालं, सरकारीत 14 टक्के. अवघड केसेस खासगीत जातात म्हणून, असं कुणी म्हणेल. काही प्रमाणात खरंही असेल. पण हातातून निसटणारी केस शेवटी सिव्हिललाच पाठवतात, हे आपण सगळे जाणतो. डॉक्टर वाईट असतात असं नव्हे. पण जिथे प्रत्येक ऑपरेशनवर कमाई ठरते, तिथे ऑपरेशनं वाढतात.

याच्या उलट उदाहरण आपल्याच गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1990 च्या दशकात 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. घरोघरी जाऊन बाळाचं वजन, ऊब, श्वास, जंतुसंसर्ग बघायचा आणि तिथेच उपचार करायचे. नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले. मोठं हॉस्पिटल न बांधता.

हे काही नवं ज्ञान नाही. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये, आणि त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रं उभारावीत, हे भोर समितीने 1946 मध्येच सांगितलं होतं. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च 2025 पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं. ते वर्ष गेलं, आणि आपण अजून मागेच आहोत.

कार्ड फाडा, असं आमचं म्हणणं नाही. ते जपून ठेवा. पण पुढच्या ग्रामसभेत किती कार्डं वाटली एवढंच विचारू नका. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरची जागा भरली आहे का, आणि बीपीची गोळी या महिन्यात मिळाली का, हेही विचारा. कार्डाची गरज किती जणांना पडेल, हे बरंचसं तिथे ठरतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.