एकत्र गाणं म्हणजे एक होणं का?

मागच्या व्याख्यानानंतर एकाने विचारलं, "सर, आमच्या शहरात कॅथलिक, सीएनआय, मेथडिस्ट, मारथोमा, सगळ्यांचा मिळून एक क्वायर काढायचा आहे. तत्त्वज्ञान यात काही सांगतं का?" मी म्हटलं, सांगतं, पण ऐकून तुमचा उत्साह थोडा कमी होईल. आज तेच बोलतो.

आल्फ्रेड शुट्झ या तत्त्वज्ञाने १९५१ साली एकत्र संगीत करण्यावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : एकत्र गाणारे, वाजवणारे लोक एकाच आंतरिक काळात जगतात. शेजारच्याचा श्वास, त्याचं थांबणं, त्याचं उचलणं आपल्याला कळत जातं, आणि शब्दांच्या आधीच तिथे 'आपण' तयार होतो. हे खरं आहे. जो कधी भजनात बसला आहे त्याला हे पुस्तकातून शिकायला नको.

पण बघा, शुट्झचे वादक आपल्याला भेटतात तेव्हा त्यांच्यासमोर संगीतकृती आधीच ठरलेली असते. ती कुणी ठरवली, हा त्याचा विषय नाही. आपला मात्र खरा प्रश्न तिथेच आहे. संयुक्त क्वायरमध्ये भांडण सुरात होत नाही, गाण्यांच्या यादीत होतं.

यादी अवघड का होते? इतिहास वेगवेगळे आहेत म्हणून. मराठी प्रोटेस्टंट मंडळी पिढ्यानपिढ्या मराठीत गात आली. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंगांच्या वळणाची गीतं त्यांना दिली. कॅथलिकांकडे फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ पासून छापील होतं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. पण मिस्सा मात्र लॅटिनमध्ये. लोकभाषेला तिथे मोकळी वाट मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजानंतर. म्हणजे एकाचं पाठांतर दुसऱ्याला परकं. मग आपण काय करतो? मरियामातेचं गीत नको, तिकडचे नाराज होतील. हे गीत नको, त्यात अमुक शिकवण आहे. उरतात नाताळची चार गाणी. ती गाऊन, केक खाऊन आपण घरी जातो आणि 'ऐक्य झालं' म्हणतो. या ऐक्यासाठी कुणाला काहीच द्यावं लागलेलं नसतं. माझी टीका आहे ती यावर.

एका तालमीत मी बसलो होतो. शेवटी प्रभूची प्रार्थना गायची ठरली. अर्धे लोक एका ठिकाणी थांबले, अर्धे पुढे गात राहिले. कारण साधं आहे : राज्य, सामर्थ्य आणि गौरव यांचा उल्लेख करणारं शेवटचं वाक्य प्रोटेस्टंट सलग म्हणतात, कॅथलिक मिस्सामध्ये आधी धर्मगुरूंची एक प्रार्थना येते, मग ते वाक्य. सगळे ओशाळून हसले. कुणीतरी म्हणालं, "हे काढूनच टाकू या." मला वाटलं, अरे, आज संध्याकाळी खरं काही घडलं ते एवढंच, आणि तेच काढून टाकता?

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक मंडळीने आपलं एक असं गीत आणावं जे इतरांना येत नाही, आणि ते इतरांना शिकवावं. ज्याला एखादी ओळ विवेकाने म्हणता येत नाही त्याने ती ओळ म्हणू नये; उभं राहावं, ऐकावं. त्याचं मौन क्वायरमध्ये धरलं जावं, गैरहजेरीत नव्हे. ऑगस्टीनला सुद्धा काळजी होती की अर्थापेक्षा सूरच आपल्याला जास्त हलवून जातो. त्याने गाणं सोडलं नाही, पण ती काळजीही सोडली नाही.

संस्था एकत्र येतात तेव्हाही असंच असतं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून सीएनआय झाली. त्यामागे अनेक वर्षांच्या वाटाघाटी होत्या. आणि टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. त्यासाठी त्यांनी मिशनची नोकरी सोडली. दोन्हीकडे कुणीतरी काहीतरी दिलं होतं.

शेवटचं सांगतो, ते जरा कठीण आहे. हा क्वायर कितीही सुंदर गायला तरी कम्युनियनच्या वेळी हेच लोक वेगवेगळ्या वेदींकडे जाणार. गाणं ती जखम भरत नाही. पण ती झाकण्यासाठीही गाणं वापरू नये. शेजारी उभं राहून महिनोन्महिने गायल्यावर, आपण एका मेजाशी का बसू शकत नाही हा प्रश्न बोचायला लागला, तर क्वायरने आपलं काम केलं असं समजा. बोचलाच नाही, तर तो फक्त चांगला कार्यक्रम झाला.

तेव्हा क्वायर जरूर काढा. फक्त पहिल्या तालमीला हार्मोनियमच्या आधी यादी उघडा.