नाव झाकून पाहा

दिवाळी अंक आणि प्रवासवर्णन यांचे सख्य जुने आहे. पुढ्यात फराळाचे ताट असावे आणि दुसऱ्याच्या पायपिटीचे सुख आपल्याला बसल्या जागी मिळावे, यात वावगे काहीच नाही. माझी तक्रार आहे ती या वर्णनांतल्या समुद्रकिनाऱ्यांविषयी. ‘नयनरम्य’, ‘रुपेरी वाळू’, ‘फेसाळ लाटा’ या तीन नाण्यांवर आमचा लेखक गुहागरही विकत घेतो आणि फ्रान्सातले नीसही!

वास्तविक नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाहीच. आहेत ते गोटे. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटीही अगदी बेताची. आमच्या कोकणात उधाणाचे पाणी पुरुषभर उंचीहून वर चढते. होडी खाडीत केव्हा घ्यायची, खडकावरची कालवे केव्हा काढायची, हे तिथे पाणीच ठरवते. हेदवीची बामणघळ भरतीला गर्जते. ओहोटीला ती नुसती खडकातली चीर. म्हणून मी एक साधी कसोटी लावतो. वर्णनातले गावाचे नाव बोटाने झाकावे. तरीही गाव ओळखू आले, तर ते वर्णन खरे.

या कसोटीला आपले कादंबरीकार उतरतात. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’मध्ये (१९५२) निसर्ग वेगळा काढून दाखवता येत नाही. तो बापूच्या हट्टात आणि राधेच्या धीटपणात मुरलेला आहे. चिं. त्र्यं. खानोलकरांनी तर वेंगुर्ल्याजवळच्या एका खडकाळ जागेचे नावच कादंबरीला दिले : ‘कोंडुरा’ (१९६६). तिथे खडकांत शिरून घुमणारे पाणी सहलीला गेलेल्या माणसाला मौजेचे वाटेल. खानोलकरांनी त्या घुमण्यात माणसांची श्रद्धा आणि भीती ऐकली. पुस्तक मिटल्यावरही तो आवाज कानांतून जात नाही.

कोणी म्हणेल, शेणव्यासारख्या डोंगराकडच्या गावातल्या मास्तराला समुद्राची एवढी उठाठेव कशाला? कारण ‘नयनरम्य’ या शब्दाचा मार आम्हीही खाल्ला आहे. आमच्या शहापूर तालुक्यात माहुलीचा किल्ला आहे, तानसा-भातसाची धरणे आहेत. पाहुणे येतात, जलाशयाची शोभा वर्णन करतात आणि परततात. त्या जलाशयांतले पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात त्यांच्याच आसपासच्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. त्या बाया शोभेच्या वर्णनात कधीच नसतात. मग हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीच्या लिलावाला बसलेली कोळीण तरी कुठून असणार?

दोन दिवसांच्या प्रवाशाने एवढे कसे जाणावे, असा आक्षेप येईल. तो मला मान्य आहे. प्रवाशाने कादंबरीकाराइतके खोल जावे, असे मी म्हणतच नाही. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपासून सुवर्णदुर्ग जरूर पाहावा, डोळे निववावेत. मग खाली उतरून जाळे विणणाऱ्या एखाद्याला एवढेच विचारावे, “काका, आज भरती कधी?” त्याचे उत्तर वर्णनात आले, तरी गाव ओळखू येईल.