परिचित संज्ञांचा धोका : राज्यघटनेची मराठी परिभाषा आणि भोरचे ‘सचिव’ पद

भारताच्या राज्यघटनेच्या मराठी परिभाषेवर जी टीका होत आली आहे तिचा रोख बहुतांशी दुर्बोधतेवर असतो. ‘महान्यायवादी’, ‘महाधिवक्ता’, ‘महालेखापरीक्षक’ या संज्ञा सामान्य माणसास कळत नाहीत, सबब त्या त्याज्य होत, असा या टीकेचा सारांश सांगता येईल. ही तक्रार निराधार आहे असे नाही. तथापि तिच्यामुळे एका अधिक महत्त्वाच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले आहे. अपरिचित संज्ञा वाचकास थांबवते आणि तिचा अर्थ विचारण्यास भाग पाडते. परिचित संज्ञा मात्र वाचकास थांबू देत नाही. ती आपला जुना अर्थ बरोबर घेऊन येते आणि नव्या अर्थाच्या जागी निमूटपणे बसते. ‘मंत्री’, ‘सचिव’, ‘प्रतिनिधी’, ‘मर्जी’ हे शब्द या दुसऱ्या वर्गातील होत. घटनेच्या मराठी परिभाषेची खरी परीक्षा या सोप्या शब्दांच्या ठिकाणी आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या प्रतिपादनाच्या तपासणीसाठी पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे या भागाइतका सोयीचा प्रदेश दुसरा आढळणे कठीण. राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले वेल्हे तालुक्यात आहेत. रायगडापूर्वी स्वराज्याची राजधानी राजगडावरच होती. शेजारचे भोर हे तर ज्यांच्या पदाचे नाव ‘सचिव’ असे होते त्यांच्या संस्थानाची राजधानी. एका शासकीय पदाची संज्ञा एका घराण्याचे नाव कशी झाली आणि पुढे प्रजासत्ताकात ती पुन्हा पदाची संज्ञा कशी झाली, याचा सलग इतिहास येथे पाहावयास मिळतो.

‘सचिव’ हा शब्द संस्कृतातील ‘सच्’ या धातूपासून आलेला आहे. बरोबर असणारा, साह्य करणारा, असा त्याचा मूळ अर्थ. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला त्या सुमारास राज्यातील प्रमुख पदांस संस्कृत नावे देण्यात आली. पेशवा हा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य झाला, वाकनीस मंत्री झाला आणि सुरनीस सचिव झाला. रघुनाथपंत हणमंते यांच्या ‘राज्यव्यवहारकोशा’मागे जी दृष्टी होती तिचाच हा भाग होय. त्या कोशात ‘लेखनवर्ग’ असा एक स्वतंत्र वर्ग आहे, ही गोष्ट आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे. कारण सचिवाचे काम मुख्यतः लेखनाचेच होते. राजपत्रे पाहावयाची, त्यांतील अधिकउणे दुरुस्त करावयाचे, महाल-परगण्यांचा हिशेब पाहावयाचा आणि कागदावर आपले चिन्ह करावयाचे, हे त्याचे कर्तव्य. थोडक्यात, राजाची आज्ञा ही खरोखरच राजाची आज्ञा आहे, याची ग्वाही देणारा तो अधिकारी.

ही व्यवस्था रचताना पद आणि जमीन यांची फारकत करण्याकडे शिवाजीमहाराजांचा कल होता. वतने वाढवू नयेत, अधिकाऱ्यास वेतन द्यावे, हे त्या धोरणाचे सूत्र. याच मुलखात, रोहिडखोऱ्यात, हिरडस मावळात आणि गुंजण मावळात, देशमुखांचे वतन म्हणजे काय असते याचा अनुभव त्यांनी घेतलेला होता. परंतु १६८९ नंतरच्या संकटकाळात राजाराममहाराजांस हे सूत्र सांभाळता आले नाही. मोगलांशी लढणारी माणसे राखावयाची तर त्यांस देण्यासारखी एकच वस्तू हाती होती, ती म्हणजे जमीन. शंकराजी नारायण हे या काळातील सचिव. त्यांनी मावळातील किल्ले परत मिळवण्याचे मोठे काम केले आणि १६९७ च्या सुमारास जो मुलूख त्यांच्याकडे आला त्यातूनच पुढे भोर संस्थान उभे राहिले.

१७०७ साली शाहूमहाराज परत आले, त्याच वर्षी शंकराजींचा अंत झाला. शाहूमहाराजांनी सचिवपद त्यांचा अल्पवयीन मुलगा नारो शंकर यास दिले. अर्थदृष्ट्या ही घटना निर्णायक आहे. ज्या पदाचे कर्तव्य पत्रे तपासणे, त्या पदावर पत्र वाचण्याचेही वय नसलेले मूल बसू शकते, याचा अर्थ त्या क्षणी ‘सचिव’ ही कर्तव्यवाचक संज्ञा उरली नाही. ती कुलवाचक झाली. अमात्य, प्रतिनिधी आणि पेशवे यांच्या बाबतीतही हेच घडले. यातील विसंगती त्या काळच्या विचारवंतांस दिसत नव्हती असे मात्र नाही. वतनदार हे राज्यातले छोटे राजेच होत, त्यांस आवरून धरले पाहिजे, असा विचार ‘आज्ञापत्रा’त स्पष्टपणे मांडलेला आहे, आणि तो ग्रंथ ज्यांचा मानला जातो त्या रामचंद्रपंत अमात्यांचे पद त्यांच्याच घराण्यात बावड्यास वंशपरंपरेने चालले. दोष व्यक्तीच्या समजुतीत नव्हता, व्यवस्थेत होता. पद परत घेण्याची रीतच तिच्यात उरली नव्हती.

पेशवाईच्या अस्तानंतर, १८२० साली, इंग्रजांनी पंतसचिवांशी करार केला आणि सुमारे नऊशे चौरस मैलांचे हे संस्थान त्यांच्या छत्राखाली चालू राहिले. ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५० साली घटना अमलात आली. तिच्या अनुच्छेद १६ ने शासकीय नोकरीच्या बाबतीत केवळ कुळावरून भेद करण्यास मनाई केली आणि अनुच्छेद १८ ने किताब रद्द केले. १९७१ सालच्या सव्विसाव्या दुरुस्तीने माजी संस्थानिकांची घटनात्मक मान्यता आणि त्यांचे तनखे संपुष्टात आणले. गावपातळीवरही हीच प्रक्रिया चालू होती. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने गेली आणि मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. ‘पाटील’ हा शब्द आडनाव म्हणून राहिला. ‘पोलीस पाटील’ हे नेमणुकीचे पद तेवढे शिल्लक उरले.

आता घटनेतील व्यवस्थेकडे वळू. अनुच्छेद १६६ नुसार राज्य शासनाची प्रत्येक कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावाने व्यक्त होते आणि तशा आदेशांचे प्रमाणीकरण नियमांत सांगितलेल्या रीतीने होते. महाराष्ट्र शासनाचा कोणताही निर्णय पाहावा. शेवटी ‘राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असे शब्द येतात आणि त्याखाली सचिवाची किंवा त्याच्या हाताखालील अधिकाऱ्याची सही असते. आज्ञा एकाच्या नावाने, ग्वाही दुसऱ्याची. १६७४ सालच्या सचिवाचे काम याहून फारसे निराळे नव्हते. म्हणजे मधली अडीच शतके या संज्ञेने जो अर्थ टाकला होता, तो तिला प्रजासत्ताकात परत मिळाला. या दृष्टीने ‘सचिव’ ही निवड अचूक आहे, असे म्हणावयास हरकत नाही. फरक आहे तो कर्तव्यात नाही, पदाच्या प्राप्तीत आणि समाप्तीत आहे. आजचा सचिव परीक्षेने किंवा नियमाने निवडला जातो, त्याची बदली होते, ठरावीक वयास तो निवृत्त होतो आणि त्याच्या मुलास त्या खुर्चीवर कोणताही हक्क सांगता येत नाही.

‘प्रतिनिधी’ या शब्दाची कथा याहून बोलकी आहे. राजाराममहाराजांनी जिंजीस निर्माण केलेले ‘प्रतिनिधी’ हे पद राजाचे प्रतिनिधित्व करणारे होते; पुढे औंध संस्थान त्याच पदाच्या घराण्याकडे राहिले. घटनेत प्रतिनिधी आहे तो लोकांचा. शब्द तोच राहिला, परंतु तो ज्याच्या वतीने उभा राहतो तो धनी बदलला. विशेष हे की, औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ साली आपल्या संस्थानात स्वराज्याची घटना लागू करून हा बदल स्वतःच्या हयातीत आणि स्वतःच्या हाताने घडवला. इतर पदनामांस हा अर्थपालट बाहेरून आलेल्या कायद्याने स्वीकारावा लागला.

‘मंत्री’ या संज्ञेच्या बाबतीत अडचण सूक्ष्म आहे. मंत्र म्हणजे सल्ला आणि मंत्री म्हणजे सल्ला देणारा. अनुच्छेद ७४ नुसार मंत्रिपरिषद राष्ट्रपतीस सहाय्य करते व सल्ला देते. तेव्हा व्युत्पत्ती तंतोतंत जुळते. परंतु दरबारातील मंत्र्याचा सल्ला राजाने ऐकावा अथवा ऐकू नये. घटनेतील मंत्रिपरिषदेचा सल्ला राष्ट्रपतीवर बंधनकारक असतो. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने तर हे शब्दांत नमूद केले. शिवाय ही परिषद लोकसभेस सामूहिकरीत्या जबाबदार असते. घटनेच्या मराठी पाठाने ‘प्रधानमंत्री’ ही संज्ञा स्वीकारली. वृत्तपत्रांनी आणि जनतेने मात्र पेशव्यांच्या बिरुदाची आठवण देणारा ‘पंतप्रधान’ हा शब्दच चालू ठेवला. मुंबईतील ‘सचिवालय’ १९७५ साली ‘मंत्रालय’ झाले, त्यातही अर्थाचा हाच प्रश्न आहे : इमारत सही करणाऱ्याच्या नावाने ओळखली जावी, की सभागृहास उत्तर देणाऱ्याच्या? दुसरे उत्तर घटनेच्या तत्त्वाशी अधिक सुसंगत आहे, हे मान्य केले पाहिजे.

सर्वांत आक्षेपार्ह निवड कोणती असेल तर ती ‘मर्जी’ या शब्दाची. मंत्री राज्यपालाची मर्जी असेतोपर्यंत पद धारण करतील, अशा आशयाची तरतूद मराठी पाठात या शब्दाने येते. मराठीत मर्जी ही व्यक्तीची असते. ती राखावी लागते, सांभाळावी लागते, ती खप्पाही होते. घटनेस यांतील काहीच अभिप्रेत नाही. शमशेर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९७४ सालच्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, काही अपवाद वगळता राष्ट्रपती व राज्यपाल हे मंत्रिपरिषदेच्या सल्ल्यानेच आपले अधिकार वापरतात. शासकीय सेवकांच्या बाबतीत तर अनुच्छेद ३११ ने चौकशी आणि म्हणणे मांडण्याची संधी यांचे कुंपण घातले आहे. जो अधिकार सल्ल्याने आणि नियमाने बांधलेला आहे त्यास ‘मर्जी’ म्हणणे म्हणजे दरबाराचा शब्द न्यायालयाच्या दारात उभा करणे होय. इंग्रजी संज्ञाही राजदरबारातूनच आली हे खरे. परंतु भाषांतरकारास येथे निवडीची संधी होती.

यावर असा आक्षेप येईल की, शब्दांचे अर्थ वापराने बदलतात, ‘मर्जी’चाही बदलेल. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा आक्षेप सहज फेटाळता येणार नाही. ‘प्रतिनिधी’चा अर्थ बदलला, हे वर आपण पाहिलेच. परंतु अर्थपालट आपोआप होत नाही. त्यास अनुकूल असा वापर सभोवती लागतो. निवडणुकीच्या दिवसांतील मराठी वार्तालेखन या दृष्टीने तपासावे. मतदारसंघ हा ‘बालेकिल्ला’ असतो, पक्षाच्या नेतृत्वास ‘वारस’ असतो, जिल्ह्यावर कोणाची तरी ‘गादी’ असते. ज्या भाषेत निवडून आलेल्या माणसाचे वर्णन वतनदाराच्या शब्दांनी होते, त्या भाषेत ‘मंत्री’ आणि ‘मर्जी’ यांचा नवा अर्थ रुजण्यास वेळ लागणार. येथे प्रश्न अलंकारांच्या आवडीनिवडीचा नाही. पद ही मालमत्ता नव्हे, हे घटनेचे पायाभूत तत्त्व आहे, आणि ते नागरिकास शब्दांतूनच कळावयाचे असते.

म्हणून घटनेच्या अध्यापनात संज्ञेची व्याख्या पाठ करवण्यापूर्वी प्रत्येक पदनामास तीन प्रश्न विचारावेत, असे सुचवावेसे वाटते : या पदावर माणूस कसा येतो, तो कोणास उत्तर देतो आणि त्याचे पद केव्हा संपते? भोरच्या सचिवपदास १७०७ नंतर हे प्रश्न विचारले असता पहिल्याचे उत्तर ‘जन्माने’ असे येते आणि तिसऱ्याचे उत्तर येतच नाही. वेल्हे तालुक्यास ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. भोर संस्थानातही राजगड, प्रचंडगड अशी गडांवरून ठेवलेली तालुक्यांची नावे होती. तेव्हा नाव नवे नाही. नवे आहे ते तेथील कचेरीचे स्वरूप. तेथे बसणारा तहसीलदार फारसी नावाचा आहे आणि त्याच्या पदनामाबद्दल शुद्धिवादी तक्रार करू शकतील. परंतु त्याची बदली होते. वतनदाराची कधी झाली नाही. परिभाषेच्या टीकाकाराने शब्दाचे कूळ पाहण्याआधी हा भेद पाहावा.