‘मालकीण’ या शब्दाची अडचण : स्त्री-व्यावसायिकांच्या संघटनांच्या नामकरणाविषयी

मराठीत ‘-ईण’ हा प्रत्यय दोन अर्थांनी लागतो. ‘पाटलीण’ म्हणजे पाटलाची पत्नी. ‘कोळीण’ म्हणजे कोळ्याची पत्नी, आणि स्वतः मासळी विकणारी स्त्रीही. ‘मालकीण’ हा शब्द या दोन अर्थांच्या मध्ये अडकलेला आहे. दुकान तिचे की तिच्या पतीचे, हे संदर्भावाचून कळत नाही. व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनांनी स्वतःस नाव देताना ही अडचण कशी सोडविली, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापडाचा उद्योग आरंभिला. त्यातून ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था उभी राहिली. या नावात घर आहे, उद्योग आहे, विकावयाचा जिन्नसही आहे; मालकीचा निर्देश मात्र नाही. सभासदांस ‘भगिनी’ म्हणतात. वस्तुतः प्रत्येक भगिनी संस्थेची सहमालक आहे. नात्याच्या शब्दाने समता व्यक्त झाली हे खरे. परंतु त्याच शब्दाने मालकी झाकली गेली, हेही मान्य केले पाहिजे.

अहमदाबादेत १९७२ मध्ये इला भट्ट यांनी स्थापिलेल्या ‘सेवा’ संघटनेची गोष्ट अधिक उद्‌बोधक आहे. ज्यांस कोणी मालक नाही त्यांचा कामगार संघ कोणाविरुद्ध, असा आक्षेप नोंदणीच्या वेळी निघाला. संघ कोणाविरुद्ध नसून सभासदांच्या एकजुटीसाठी आहे, हे त्याचे उत्तर होते. आणि ते अखेर मान्य झाले. इंग्रजी नावातील ‘सेल्फ एम्प्लॉइड’ हे पद आर्थिक संबंध सांगते. गुजराती नावातील ‘स्वाश्रयी’ हे पद सद्‌गुण सांगते. शिवाय इंग्रजी आद्याक्षरांतून ‘सेवा’ हा शब्द सिद्ध होतो. हक्क मागणारी संस्था अशा रीतीने सेवेचे नाव धारण करते! मजूर महाजनाच्या गांधीवादी परिसरात हे नाव शोभून दिसले असेल. तथापि १९८१ मध्ये तो आश्रय सुटला तेव्हा नावातील सौजन्य उपयोगी पडले नाही.

उलटपक्षी, अमेरिकेत १९७५ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने ‘विमेन बिझनेस ओनर्स’ असे स्पष्ट पद स्वीकारले. स्त्रीच्या व्यवसायकर्जासाठी पुरुष नातलगाची सही मागण्याच्या प्रथेस तेथे १९८८ च्या कायद्याने आळा घातला. त्या कायद्याच्या नावातही मालकीचाच उल्लेख आहे. मात्र नावामुळेच कायदा झाला, असे अनुमान काढणे भाबडेपणाचे ठरेल. शिवाय ‘ओनर’ म्हणताच पेढी आणि खातेवही डोळ्यांपुढे येते; पाटी घेऊन भाजी विकणारी स्त्री त्या पदात सहजी सामावत नाही. ‘स्वाश्रयी’ या पदात ती सामावते. हा त्या पदाचा गुण नाकारता येणार नाही.

तात्पर्य, एका नावात मालकी आहे पण पाटीवाली नाही. दुसऱ्यात पाटीवाली आहे पण मालकी नाही. मराठीपुरते पाहता नवा शब्द घडविण्याची निकड नाही. ‘कोळीण’ हा शब्द स्वतःच्या धंद्याने अर्थ मिळवू शकला, तर ‘मालकीण’ शब्दासही ते अशक्य नाही. व्याकरणाची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती व्यवहाराची. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या बचतगटांची दप्तरे आणि दुकानांच्या पाट्या तपासाव्यात. तेथे हा शब्द कोणासाठी लिहिला जातो, यावरून त्याचा खरा अर्थ ठरेल.